एक वारी चुकली तरी चालेल

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, वैशाख महिन्यात, मुरुड येथे सायंकाळच्या हरिपाठानंतर आमच्या विणेकरी गुरुजींनी केलेले भाषण. जसे बोलले तसेच, थोडे आवरून छापले आहे.)





मी कीर्तनकार नाही. जन्मभर शाळेत पोरांना पाढे शिकवले आणि सव्वीस वर्षं तुमच्या या दिंडीत गळ्यात वीणा घालून चाललो. विणेकऱ्याचं काम उभं राहायचं, बोलायचं नाही. पण आज मीच चालकांना म्हणालो, मला अर्धा तास द्या. कारण गावात बोलणं सुरू आहे. कुणी म्हणतं गुरुजीला मुतखडा झाला, कुणी म्हणतं किडनी गेली. परवा पारावर एक जण म्हणाला म्हणे, गुरुजी आता दोन महिन्यांचे सोबती. म्हटलं, आपणच सांगून टाकावं, म्हणजे लोकांचा त्रास वाचेल.

तर ऐका. मला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झालाय. त्याला मूत्राशय म्हणतात. ज्येष्ठात माझं ऑपरेशन आहे. पिशवी पूर्ण काढून टाकणार आहेत. आपल्या दिंडीची यंदा शंभरावी आषाढी वारी, आणि त्या वारीत मी नाही.

हे शेवटचं वाक्य मी घरी चार वेळा म्हणून पाहिलं, तरी आत्ता घसा दाटलाच. असू द्या.

सुरुवात कुठं झाली ते सांगतो, कारण त्यातच तुमच्या कामाची गोष्ट आहे. गेल्या आषाढीला आपण येडशीहून निघालो. रामलिंगाच्या डोंगरातनं पुढं पांगरीच्या वाटेला लागलो. बाभळीच्या आडोशाला मी लघवीला बसलो, तर लघवी लाल. बीट खाल्ल्यावर होते तशी. पण बीट कुठं खाल्लं होतं? आदल्या रात्री पिठलं-भाकरी होती. दुखत मात्र काही नव्हतं. आग नाही, कळ नाही, ताप नाही. म्हटलं, ऊन लागलं, उन्हाळी लागली असेल. धने-जिऱ्याचं पाणी प्यालो. दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. मी म्हणालो, पांडुरंगानं बरं केलं. आणि कुणाला बोललो नाही. शेजारी चालणाऱ्या टाळकऱ्यालाही नाही.

माउली, इथंच माझी चूक झाली. दुखलं असतं तर मी ओरडलो असतो. दुखलं नाही म्हणून गप्प बसलो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, या आजाराची खूण हीच. रक्त जातं, दुखत नाही, आणि आपोआप थांबतं. थांबलं की माणसाला वाटतं आजार गेला. आजार जात नाही, फक्त रक्त थांबतं.

पुन्हा दिवाळीनंतर आलं. या वेळी गुठळ्या आल्या. एका डॉक्टरला दाखवलं, त्यांनी मुतखडा असेल म्हणून गोळ्या दिल्या. सोनोग्राफी करा असं त्यांनी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. गोळ्यांनी पुन्हा थांबलं. एका पाहुण्यानं झाडपाला आणून दिला, तोही महिनाभर घेतला. असे आषाढीपासून पौषापर्यंत सहा महिने मी घालवले. पौषात लघवी अडलीच. मग मुलानं ऐकलं नाही, लातूरला नेलं. सोनोग्राफीत गाठ दिसली. दुर्बीण घालून गाठ खरडून काढली, तुकडा तपासायला पाठवला.

आता बिडीचं सांगतो. हे सांगताना लाज वाटते, पण सांगायलाच आलोय. माझ्या गळ्यात बत्तीस वर्षांची माळ आहे. माळ घातली त्या दिवसापासून मांसाला शिवलो नाही, दारू तर कधीच नव्हती. पण बिडी सुटली नाही. दिंडीच्या मुक्कामाला सगळे झोपले की मी ट्रकच्या मागं जाऊन ओढायचो. तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, कारण तुम्हीही तिथंच असायचात. (हशा) हसू नका. मी डॉक्टरांना विचारलं, बिडीचा धूर जातो छातीत, मग रोग लघवीच्या पिशवीत कसा? ते म्हणाले, धुरातलं विष रक्तात जातं, रक्त मूत्रपिंडं गाळतात, गाळलेलं विष लघवीत उतरतं, आणि लघवी तासन्‌तास पिशवीत साठून राहते. पिशवीच्या आतल्या अस्तराला ते विष वर्षानुवर्षं भिजवत राहतं. मी तीस-चाळीस वर्षं माझं अस्तर त्यात भिजवलं. बिडी न ओढणाऱ्यालाही हा रोग होतो, मुलाबाळांत आणि बायांतही होतो. पण ओढणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी जास्त. मी पांडुरंगाला दोष देत नाही. माळ माझी होती, बिडीही माझीच होती.

तुकड्याचा रिपोर्ट आला. गाठ वरवरच्या अस्तरात असती तर गोष्ट सोपी होती. दुर्बिणीतून काढायची आणि मग पिशवीत नळीवाटे औषध सोडायचं. तुम्हाला आश्चर्य वाटेल, ते औषध म्हणजे बीसीजी. आपल्या लेकरांना जन्मल्यावर दंडावर टोचतात ना, त्याच जातीचं. १९७६ पासून जगभर ते या रोगावर वापरतात आणि पुष्कळांची पिशवी त्यानं वाचते. माझ्या बाबतीत गाठ अस्तर ओलांडून स्नायूत शिरली होती. आषाढीलाच गेलो असतो तर कदाचित अस्तरातच सापडली असती. कदाचित. याच्यावर मी पुष्कळ रात्री जागलोय, आता सोडून दिलंय.

मुलानं मुंबईला टाटा हॉस्पिटलला नेलं. लातूर-मुंबई एक्सप्रेसनं गेलो. रात्रीची गाडी. ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, आपल्याच दिंडीची वाट. आपण जी वाट दिवसेंदिवस पायी तुडवतो, ती गाडीनं दोन-तीन तासांत मागं टाकली. कुर्डुवाडीला दिंडी डावीकडं पंढरीला वळते, गाडी उजवीकडं मुंबईला वळली. मी खिडकीशी बसून होतो. त्या वळणावर मला पहिल्यांदा रडू आलं.

तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघा नवरा-बायकोला समोर बसवलं आणि न लपवता सांगितलं. आधी केमो, तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा. मग पिशवी काढायची. तिच्यासोबत पुरुषाचे आणखी काही भाग काढावे लागतात, जवळच्या गाठी काढाव्या लागतात. नवरा-बायकोच्या नात्यावर परिणाम होतो, तेही सांगितलं. बाई असेल तर बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. मी शाळामास्तर, प्रश्न विचारायची खोड. विचारलं, पिशवीच काढली तर लघवी जाणार कुठं? मूत्रपिंडं तर दिवसाला दीड-दोन लिटर लघवी करतच राहणार.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. आतड्याचा वीतभर तुकडा वेगळा करायचा, त्याच्या एका तोंडाला मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या जोडायच्या, दुसरं तोंड बेंबीच्या उजवीकडं खाली पोटाच्या कातडीवर आणून शिवायचं. त्याला स्टोमा म्हणतात. लघवी तिथून थेंबथेंब येत राहते, थांबवता येत नाही. म्हणून तिथं बाहेरून पिशवी चिकटवायची. ही रीत काही आजची नाही. अमेरिकेतल्या ब्रिकर नावाच्या डॉक्टरनं १९५० साली ती लोकांपुढं मांडली, आणि तेव्हापासून सगळीकडं तीच चालते. दुसरी एक रीत आहे, आतड्याचीच नवी पिशवी करून आत शिवायची. बाहेर काही दिसत नाही. पण ती रिकामी करायला नव्यानं शिकावं लागतं, रात्री गळते, काहींना नळी घालून काढावी लागते. माझी गाठ पिशवीच्या तोंडाशी, त्यामुळं मला ती जमणार नाही म्हणाले. पिशवी ठेवून नुसत्या विजेच्या शेकानं आणि औषधानं उपचार काही जणांना करतात. माझ्या गाठी दोन-तीन ठिकाणी, म्हणून तेही नाही.

मी तिथंच सांगितलं, "नको. मला पोटावर पिशवी नको. पंढरीच्या वाटेवर मेलो तरी चालेल."

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, वाटेवर मरणं एवढं सोपं नसतं. ही गाठ वाढत गेली तर लघवी अडेल, रक्त थांबणार नाही, मग हाडांत जाईल. काढली आणि पिशवीच्या बाहेर पसरलेली नसेल, तर निम्म्याहून जास्त माणसं पाच वर्षं पार करतात. हमी मी देत नाही." हमी देत नाही म्हणाले, म्हणून मला तो माणूस खरा वाटला. तरी मी हो म्हणालो नाही.

आम्ही उतरलो होतो दादरला, गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. बाहेरगावाहून कॅन्सरच्या उपचाराला येणारी गोरगरीब माणसं तिथं राहतात. ज्या बाबांनी आयुष्यभर हातात झाडू धरला, लोकांची घाण काढली, त्यांच्या नावाची जागा. तिथं जालन्याकडचा एक शेतकरी भेटला, तपासणीला आलेला. दुधाचा धंदा. मी तोंड पाडून बसलेला पाहून म्हणाला, "काय गुरुजी, कशाचं आलंय?" सांगितलं. तो उठला, खोलीचं दार लोटलं आणि सदरा वर केला. पोटाला पिशवी. मी मान फिरवली. तो म्हणाला, "पाहा की. पाहायलाच वर केलाय."

मी पाहिलं. लालसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखं एक छोटं तोंड, त्याभोवती चिकटवलेली चकती आणि पारदर्शक पिशवी. खाली तोटी. वास नाही. तो म्हणाला, दोन-तीन तासांनी तोटी उघडून रिकामी करतो. चकती चार-पाच दिवसांनी बदलतो. रात्री लांब नळी लावून मोठी पिशवी खाटेखाली ठेवतो, म्हणजे उठावं लागत नाही. पाणी भरपूर पितो. पट्टा घट्ट आवळत नाही, जड पाटी उचलत नाही. रोज पहाटे मोटारसायकलला कॅन लावून दूध घालतो. चार वर्षं झाली. "पहिले दोन महिने मलाबी किळस यायची, गुरुजी. एकदा लग्नात गळाली, धोतर भिजलं, तोंड लपवून घरी आलो. आता सवय झाली. गळाली की बदलायची."

मला त्या माणसानं धीर दिला असं मी म्हणणार नाही. त्यानं मला डोळ्यानं दाखवलं. डॉक्टरांचं चित्र कागदावर होतं, हे जिवंत होतं आणि चहा पीत होतं.

घरी आलो तर मुलानं सांगितलं, महेश मांजरेकरांनाही २०२१ साली मूत्राशयाचाच कॅन्सर झाला होता. सिनेमाचं काम चालू असताना कळलं, ऑपरेशन झालं, आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा टीव्हीवर उभे होते. मोठा माणूस, पण त्यानं लपवलं नाही. जगाला सांगितलं. आणि आपण शेजारच्या टाळकऱ्याला सांगत नाही.

पण माझी खरी अडचण पिशवीची नव्हती, माउली. वीण्याची होती. वीणा गळ्यात घातली की तिचा भोपळा पोटाशी टेकतो. वीणा जमिनीवर ठेवायची नसते, तिचा मान आहे. आणि तिच्याखाली, चार बोटांवर, लघवीची पिशवी? गावातल्या एका जुन्या माणसानं मला प्रेमानंच सांगितलं, "गुरुजी, आता वीणा दुसऱ्याच्या गळ्यात द्या. सोवळ्याचं काम आहे." मला वाईट वाटलं नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं.

घरी बोललो. आमच्या मंडळी चुलीपुढं होत्या. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सव्वीस वर्षं वीणा घेतलाव, तवा पिशवी काय घरी ठेवून जात होता का? आत होती, आता भायेर. एवढाच फरक."

मी गप्प. अहो, खरंच की! इथं बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात लघवीची पिशवी आहे. महाराजांच्याही आहे. (हशा) तीच घेऊन आपण कीर्तनाला उभे राहतो, तीच घेऊन पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवतो. त्यानं कधी विचारलं नाही. चोखोबांना आपल्या लोकांनी बाहेर ठेवलं, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि आज आपण आधी तिथं वाकून मग आत जातो. साने गुरुजींनी १९४७ साली त्याच दारासाठी उपोषण केलं, तेव्हा ते सर्वांना उघडलं. इतकं होऊन एका आतड्याच्या तुकड्यापायी मी स्वतःच स्वतःला बाहेर काढत होतो.

मी टाटाला हो कळवलं. केमो आपल्या बार्शीला घेतली, नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात. आपली दिंडी दरवर्षी त्या गावात मुक्काम करते. १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांच्या गावोगावी तिथली माणसं फिरून कॅन्सरची नोंद ठेवतात. मी इतकी वर्षं त्या गावात जेवलो, झोपलो, पुढं गेलो. टोपीखाली केस विरळ झालेत ते तिथल्या औषधानं. उलट्या झाल्या, तोंडाची चव गेली, पण रक्त थांबलंय.

मागच्या खेपेला मुंबईत एक नर्सताई भेटल्या. स्टोमा कुठं काढायचा ती जागा आधी पेननं आखतात. मला बसवलं, उभं केलं, वाकवलं, धोतराची गाठ कुठं येते ते पाहिलं. मी म्हणालो, "ताई, आणखी एक. मी वीणा घेतो." त्यांना कळेना. मग मी तिथंच उभा राहिलो आणि वीणा धरल्यासारखे हात करून दाखवले. भोपळा कुठं टेकतो तिथं बोट ठेवलं. त्या बाईंनी हसून आखलेली खूण पुसली आणि दोन बोटं बाजूला घेतली. म्हणाल्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहू.

एकदाच मी डॉक्टरांकडं सवलत मागितली. म्हटलं, आषाढी होऊ द्या. शंभरावी वारी आहे, मग तुम्ही म्हणाल ते करा. ते म्हणाले, केमोनंतर ठरलेल्या मुदतीत पिशवी काढली तरच केमोचा उपयोग. दोन महिने थांबलात तर चार वेळा सोसलेलं वाया जाईल. मी आधीच सहा महिने घालवले होते, आणखी दोन माझ्याकडं नव्हते. पांडुरंगाला बरं कर म्हणालो नाही, असं नाही. म्हणालो. पण नवस केला नाही. वारकऱ्यानं नवस करू नये असं आपल्याला शिकवलंय, ते पाळलं.

आता तुमच्याकडं मागणं.

पहिलं. लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, थेंबभर दिसलं, दुखत नसलं, थांबलं, तरी दवाखान्यात जा आणि सोनोग्राफी करून घ्या. गोळ्या देऊन कुणी परत पाठवलं तर तपासणी मागा. मायबहिणींनो, तुम्हाला जास्त सांगतो. तुम्ही पाळी म्हणून, अंगावर जाणं म्हणून, उन्हाळी म्हणून सोडून देता. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं तर एक दिवस थांबू नका. दिंडीत कुणाला दिसलं तर चालकांना सांगा, बार्शीला गाडी काढून देऊ. लाजू नका, दिंडी म्हणजे घर आहे.

दुसरं. ट्रकच्या मागं ओढणाऱ्यांनो, मी नावं घेत नाही. या सप्ताहात जिथं माळ घालतात तिथंच बिडी-तंबाखू ठेवून जा.

तिसरं, पैशाचं. पैसा नाही म्हणून घरी बसू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. कॅन्सरच्या पेशंटाला आणि सोबत्याला रेल्वेत भाड्याची सवलत मिळते, डॉक्टरांचा फॉर्म लागतो. पोटावरच्या पिशव्यांचा खर्च मात्र दरमहा असतो, तो हिशेबात धरा. त्या माणसांसाठी मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया नावाची संस्था आहे.

चौथं मागणं माझं स्वतःचं. शंभराव्या वारीला वीणा आमच्या धाकट्या टाळकऱ्याच्या गळ्यात राहील, त्याला मी स्वतः घालून देणार आहे. मी बरा होऊन आलो तर मला वीणा परत द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. पण ठरवताना पिशवीचा विचार करू नका. माझे पाय चालतात का, हात धरवतो का, आवाज लागतो का, एवढंच पाहा. आणि मी आलो नाही, तर वीणा काही थांबायची नाही. ती आधीही दुसऱ्याच्या गळ्यातून माझ्याकडं आली होती.

मला भीती वाटते का? वाटते. रात्री दोनला जाग येते आणि वाटते. तेव्हा मंडळींना उठवतो, त्या म्हणतात झोपा, मग आम्ही दोघं बसून राहतो. एक वारी चुकली तरी चालेल. पुढची चालायला माणूस राहिला पाहिजे.

चुकलं-माकलं पोटात घाला. बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल!

(गुरुजींची शस्त्रक्रिया ज्येष्ठात पार पडली. दिंडीची शंभरावी वारी त्यांनी घरून, रोज मुक्कामाला फोन करून पाहिली. कार्तिकीला ते मुलासोबत एसटीने पंढरपूरला गेले आणि दर्शनबारीत उभे राहिले. पुढच्या एकादशीला मुरुडच्या हरिजागरात पहिला तास वीणा त्यांच्याच गळ्यात होती. दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीला जावे लागते. यंदाच्या सप्ताहात तेरा जणांनी बिडी-तंबाखू सोडली, असे चालकांनी कळवले आहे.)